उन्हात वाकलेल्या सात रेकॉर्डी

प्रिय माधुरीचे बाबा,

तुम्ही असताना तुम्हाला साधी चिठ्ठीसुद्धा कधी लिहिली नाही. लिहायची वेळच कुठे आली? अकोल्याच्या जुन्या शहरातलं आपलं घर आणि आपलं फुलांचं दुकान, मध्ये एक गल्ली. काही हवं असलं की मी गच्चीवरून ओरडायचे, आणि तुम्ही मान वर न करता हात हलवायचात. आता ओरडून भागत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तोंडात आपलं वऱ्हाडी येतं, पण हातात पेन घेतलं की शाळेतल्या बाईंचं मराठी उतरतं. हसू नका हं!

आजच का लिहिते आहे? काल मी अकोल्याला तुमच्या दोस्ताकडे, सलीमभाईंकडे गेले होते. त्यांनी मला तुमची एक गोष्ट सांगितली. आणि माझी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, तीस वर्षं होत आली. ती सांगितल्याशिवाय आता मला बरं वाटणार नाही. पण आधी कानांचं सांगते. सगळं तिथूनच सुरू झालं.

तुम्ही गेल्यावर माधुरी मला इथे अमरावतीला तिच्या घरी घेऊन आली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दिवाळीनंतर तिच्या लक्षात आलं की मी तिला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. नेलं तिने कानाच्या डॉक्टरांकडे. मुलगीच होती, आपल्या माधुरीपेक्षा लहान. तिने मला एका काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर काहीतरी लावलं आणि म्हणाली, आवाज आला की बोट वर करा. मी किती वेळ बसून होते, आवाज काही येईचना. बाहेर आले तर कळलं, आवाज केव्हाचे चालू होते.

"आजी, उजवा कान जवळजवळ गेलाय. डावाही उतरणीला लागलाय," ती म्हणाली. "मशीन लावू. बोलणं नीट ऐकू येईल."

"अन् गाणं?" मी विचारलं.

माधुरी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुले गाणं कवापासून लागते?"

डॉक्टर म्हणाली, मशीनमधून गाणं पहिल्यासारखं येत नाही, बऱ्याच जणांना पत्रा वाजवल्यासारखं वाटतं. आणि डावा कान किती दिवस साथ देईल, तेही सांगता येत नाही. कधी हळूहळू जातो, कधी एका दिवसात.

घरी आल्याबरोबर मी खाली वाकून पाहिलं. तुमच्या रेकॉर्डी माझ्या पलंगाखाली होत्या. तुमच्या तेराव्यानंतर सलीमभाईंनी त्या पाठवल्या होत्या, प्लेअरसकट, तीन खोक्यांत, वर सुतळी बांधून. वर्षभर मी सुतळी सोडली नव्हती. झाडताना केरसुणी त्या खोक्यांना लागायची, तेवढीच भेट.

दुसऱ्या दिवशी मी जावईबापूंना म्हटलं, एवढं जोडून द्या. त्यांनी दिलं. माधुरी शाळेत शिकवायला जाते, ते ऑफिसला जातात. घर रिकामं झालं की मी खुर्ची ओढायची, डावा कान प्लेअरकडे करायचा आणि एक रेकॉर्ड लावायची. रोज एक, दोन्ही बाजू. साठेक होत्या.

आठवतं ना, प्लेअर दुकानात आणून, हार गुंफता गुंफता तुम्ही विचारायचात, "कसं वाटलं?" आणि मी सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचे, "बरं हाय." मी ऐकलेलंच नसायचं हो! माझं लक्ष गिऱ्हाइकाकडे. मोगरा संपत आलाय का, निशिगंधाच्या काड्यांना पाणी मारलं का, याच्याकडे. तुम्हालाही ते कळत असणार. तरी विचारायचात. आता ऐकलंय, तर खरं खरं सांगते.

पहिली हातात आली ती नाटकांतल्या पदांची. कव्हरवर फेटा बांधलेले गवई. खरं सांगू? मला राग आला. एकाच ओळीवर ते थांबतात काय, फिरतात काय, परत मागे जातात काय! गिऱ्हाईक दाराशी उभं आहे, वरात निघायची वेळ झाली आणि नवरदेवाचा हार काही पुरा होत नाही, असं वाटायला लागलं. तीन दिवस मी हट्टाने तीच लावली. चौथ्या दिवशी मेथी निवडता निवडता ती ओळ माझ्या तोंडात आली. ताना सोडून, नुसती ओळ. मी दचकले. ही माझ्यात केव्हा शिरली?

मग गझलांची ती जोडरेकॉर्ड. अर्धे शब्द कळले नाहीत. माधुरीने फोनवर शोधून सांगितले. तेव्हा कळलं, तुम्ही कोणी जुना माणूस भेटला की "मुद्दत झाली गड्या" म्हणायचात, ते इथून उचललेलं होतं. मला वाटायचं सलीमभाईंच्या संगतीनं येतं. पण एक विचारते. त्या चारही बाजूंवर नुसता विरह आहे. ती गेली, ती येणार नाही, तिच्या गल्लीत आता दिवा नाही. आणि मी तर तुमच्या हाताशी बसलेली, शेवंतीचे देठ तोडत. तुम्हाला विरह होता तो कुणाचा हो?

सिनेमाची एक निघाली. लग्न झाल्यावर अकोल्यात पहिला पाहिलेला तो सिनेमा. मी किती हौसेने लावली! पण नाही आवडली आता. फार कर्कश वाटली. मला वाटतं त्या दिवशीसुद्धा मला गाणी नव्हतीच आवडली, तुमच्या शेजारी अंधारात बसणं आवडलं होतं.

सनईची लावली तेव्हा मात्र मला लाज वाटली. सगळा जन्म मांडवात फुलं पोचवण्यात गेला, सनई रोजची. पण ती माझ्यासाठी फक्त खूण होती. सनई सुरू झाली म्हणजे तोरणं वेळेवर बांधली गेली, आता घरी जायला हरकत नाही. आत काय वाजतंय, ते या वयात कळलं. आनंदाच्या जागी वाजणारं वाद्य, आणि त्यात एवढं रडू भरलेलं! लेक सासरी जायची म्हणूनच ते तसं वाजवत असतील का?

आणि तो इंग्रजी तुतारीवाला! काळा कोट, फुगलेले गाल. ही रेकॉर्ड तुम्ही कशाला घेतली असेल, म्हणून मी आधी हसले. आपल्या बँडवाल्यांकडे वरातीत तेच वाद्य असतं, कान फोडतं. हा माणूस ते इतकं हळू वाजवतो की मला खुर्ची आणखी पुढे ओढावी लागली. दोन सूर वाजवतो आणि थांबतो. कोणी दारात येऊन, आत येऊ का नको, असं विचारत उभं राहावं तसं. भाषा नाही, शब्द नाही. सगळ्यांत जास्त मला तीच आवडली. तुम्हाला पटणार नाही, पण सहा वेळा ऐकली. तुम्हीही दारात असेच उभे राहायचात. आत या म्हणायचं माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, हा नाद कसा लागला ते. लग्नाच्या आधी अकोटच्या कापसाच्या जिनवाल्या शेठच्या घरी तोरण बांधायला गेला होतात. आत रेकॉर्ड लावलेली. "एक तोरण बांधायले मी तीन घंटे लावले," तुम्ही म्हणाला होतात. "शेठजी म्हणे, काय झालं बे, दरवाजा मोठा हाय का?" किती हसला होतात सांगताना! तुम्ही इतकं सलग बोललेलं मला दुसरं काही आठवत नाही.

अशा सगळ्या संपल्या आणि शेवटच्या खोक्याच्या तळाशी तुमच्या जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं निघालं. न सोडताच कळलं मला, ते काय आहे. कडा हाताला लागल्या. पापडासारख्या वरखाली झालेल्या. सात रेकॉर्डी.

तुम्ही त्या टाकल्या नव्हत्या.

आता सांगते.

माधुरी सातवीत होती. त्या उन्हाळ्यात अचलपूरला माझी आई गेली. मी दोन आठवडे माहेरी होते. परतवाड्याहून बसने आले तेव्हा संध्याकाळ होती. मी आत आले. तुम्ही म्हणालात, "आली?" मी म्हटलं, "आली." तुम्ही चहा केलात. तुमच्या हातचा चहा, पहिल्यांदा आणि शेवटचा. मी तो धरून बसले, आणि वाट बघत राहिले की आता तुम्ही काही बोलाल. शेवटी काय म्हणाली विचाराल. निदान, लई वाईट झालं, एवढं तरी म्हणाल.

तुम्ही उठलात आणि रेकॉर्ड लावलीत.

मी भडकले. "माही माय मेली अन् तुमी गाणे लावून राह्यले?" असं ओरडले की माधुरी आतल्या खोलीतून धावत आली. तुम्ही सुई उचललीत. एक शब्द बोलला नाहीत. जोडे घातलेत आणि दुकानात गेलात. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाच्या काळजाच्या जागी ती काळी तबकडी आहे.

पुढच्या आठवड्यात घराला चुना मारायचा होता. सगळं सामान गच्चीवर काढलं. तुमच्या बहुतेक रेकॉर्डी लोखंडी पेटीत होत्या, पण प्लेअरजवळच्या सात मी बाहेरच ठेवल्या होत्या, गच्चीच्या बुटक्या कठड्यावर, शेजारच्या कडुलिंबाच्या सावलीत. सकाळी सावली होती. अकरा वाजता मी वर गेले तर ती सरकली होती. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन! मी वाकून वरच्या कव्हरला हात लावला. चटका बसला.

मी त्या उचलल्या नाहीत.

जिन्याच्या दारात थोडा वेळ उभी राहिले आणि खाली येऊन भांडी घासायला बसले. संध्याकाळी तुम्ही आलात, एक रेकॉर्ड हातात घेतलीत, डोळ्यांसमोर आडवी धरलीत.

"ऊन लागलं वाटते," तुम्ही म्हणालात.

"हो ना. ध्यानातच नाई राह्यलं."

"बरं."

ते खोटं होतं. ध्यानात होतं. हात लावून पाहिलं होतं मी. हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. तीस वर्षं सांगायचं होतं. कधी पोळी वाढताना ओठांवर यायचं, कधी तुमच्या अंगात ताप असायचा तेव्हा. शेवटी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हाही आलं होतं. पण वाटलं, माणूस जायला निघालाय, आता त्याच्या ओंजळीत हे कशाला घालू? आणि ठेवून घेतलं माझ्यापाशीच.

पुढच्या रविवारी तुम्ही प्लेअर सायकलला बांधलात आणि पुलापलीकडे सलीमभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेलात. माधुरीला सांगितलंत, बिघडला. मागून एकेक करून रेकॉर्डीही गेल्या. दर रविवारी दुपारी तुम्हीही जायचात, आणि मी शेजारणीला सांगायचे, हे पत्ते खेळायले जातेत. आपल्या घरात परत कधी गाणं लागलं नाही. दुकानातही नाही. नुसता फुलांवर पाणी मारल्याचा आवाज. मी गिऱ्हाइकाचं बोलणं छान ऐकू शकत होते!

तर ते गाठोडं मी सोडलं. सातांतली पहिली तीच होती, त्या संध्याकाळची. त्या गाणाऱ्या बाईंची. एका बाजूला एकच राग, सगळी बाजूभर. लावली. सुई नावेसारखी वर जायची, खाली यायची. बाईंचा आवाज हेलकावे घ्यायचा, पाण्यातून आल्यासारखा. पण येत होता. सुरुवातीला त्या काहीच करत नाहीत. एक सूर धरून ठेवतात, जसं कुणी रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा आणि काढूच नये. मी बसून राहिले. मला अचलपूरचं आमचं अंगण दिसलं, आईच्या ओटीतला मोगरा दिसला. तिच्यासाठी रडायचं राहून गेलं होतं माझं. तुमच्यावर रागावण्यात राहून गेलं होतं.

दुसऱ्या बाजूला सुई उडाली आणि मोडली.

अमरावतीत तशी सुई मिळेना. म्हणून काल माधुरीला म्हटलं, मी अकोल्याला जाते. ती म्हणाली, एकटी नको जाऊ, ऐकू येत नाई तुले, बस कोणती लागली ते कसं समजन? मी म्हटलं, वाचता येतं ना. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा कंडक्टर काहीतरी बोलला, मी उगाच मान डोलावली, आणि त्याने मला पुढच्या सीटवर आणून बसवलं. काय म्हणाला देव जाणे!

सलीमभाई आता फार थकले आहेत. दुकान आहे, पण दुरुस्तीला काही येत नाही. समोर बांगड्यांचं दुकान झालंय. मला पाहून उठायला गेले, मी बसवलं. तेही कमी ऐकतात आता. दोघंही ओरडून बोलत होतो, सगळी गल्ली ऐकत असणार.

मी मोडकी सुई पुढे ठेवली. कशावर मोडली, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"भाभी, एक बात बोलू का? त्यानं मना केलं होतं. पण आता तो नाही, अन् मी बी किती दिवसाचा!"

"बोला ना भाऊ."

"तुमची वालिदा गेली ना, तुम्ही यायच्या त्या दिवशी तो दुपारी इथे आला. म्हणे, सलीम, इंदूची माय गेली, ती आज येते. काय बोलू, मले समजून नाही राह्यलं. मी म्हटलं, अरे, हात धर अन् जवळ बस. म्हणे, थे मले जमत नाही, लाज वाटते. मंग आम्ही दोघांनी बसून ठरवलं, कोणती रेकॉर्ड लावायची. एक घंटा लागला भाभी! हे नको, ते लई दुखाचं होईन. ते नको, त्यात खुशी हाय. आखिर ती बाईवाली काढली. मीच बोललो, हे लाव, हिच्यानं रडू येते अन् मंग सुकून बी येते."

एक तास! दोन पुरुष बसून माझ्यासाठी गाणं निवडत होते, आणि मी काय म्हणाले तुम्हाला?

मग मी सलीमभाईंना उन्हाचं सांगितलं. मी विसरले नव्हते, मी पाहिलं होतं, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं! बांगड्यांच्या दुकानातली बाई वळून बघायला लागली.

सलीमभाई खाली बघत होते. "त्याले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय मालूम होतं?"

"तो त्या दिवशी अकरा वाजता घरी आला होता, दोऱ्याची रिळं न्यायले. गल्लीतून वर पाह्यलं, तं रेकॉर्डी उन्हात, अन् तुम्ही वाकून हात लावून राह्यल्या. तो भिंतीच्या आडोशाले थांबला. त्याले वाटलं, आता उचलतीन. तुम्ही खाली गेल्या."

"मंग त्याइनं काहून नाई उचलल्या?" मी किंचाळलेच जवळजवळ.

"मी बी हेच विचारलं, भाभी. खूप डाँटलं त्याले. तं म्हणे, मी उचलल्या असत्या तं तिले समजलं असतं का मी पाह्यलं. मंग ती माह्यासमोर मान वर नसती करू शकली. जाऊ दे, म्हणे, सातच तं हायेत."

सातच तर आहेत.

माधुरीचे बाबा, तुम्ही रिळं न घेताच परत गेलात. चांगल्या रेकॉर्डी उन्हात वितळू दिल्यात, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि मी तीस वर्षं एक गोष्ट लपवत राहिले, जी लपलेलीच नव्हती! तुम्ही समोर जेवायला बसायचात, मी मनात चोरासारखी, आणि तुम्हाला सगळं माहीत. कसलं हे तुमचं शहाणपण? एकदा चिडायचं होतं. एकदा ताट भिरकावायचं होतं. "इंदू, तू हे जाणूनबुजून केलं," एवढं म्हणाला असतात तर मी त्याच क्षणी रडले असते, आणि घरात गाणं राहिलं असतं. मी बोलले नाही म्हणून तुम्ही बोलला नाहीत, तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी. माझा दोष मोठा आहे, पण थोडा तुमचाही आहे. आता तुम्ही भांडायला नाहीत, तर निमूट मानून घ्या.

सलीमभाईंनी आणखी सांगितलं. त्या रविवारी तुम्ही पत्ते खेळत नव्हतात. दोन काचांच्या मध्ये एकेक रेकॉर्ड ठेवून, वर वजन ठेवून, ती सरळ करायला बघत होतात. चार थोड्याफार वाजायला लागल्या. तीन नाहीच.

मग ते उठले आणि आतून एक रेकॉर्ड घेऊन आले. त्याच बाईंची, तीच, पण सपाट, नवीकोरी वाटावी अशी. "त्याच्यासाठी ढूंढून ठेवली होती. द्यायची राहून गेली."

त्यांच्या जुन्या यंत्रावर ती लावली. "आवाज ठीक हाय का भाभी?" "मले कमीच वाटून राह्यला," मी म्हटलं. त्यांनी वाढवला. त्यांनाही कमीच वाटत होता, आणखी वाढवला. बांगड्यावाली ओरडत आली, "चाचा, पूरे मोहल्ले को सुनाना है क्या?" आणि आमच्याकडे बघून दारातच थांबली. दोन म्हातारी माणसं, एक डावा कान पुढे करून बसलेलं, एक उजवा. मग ती खालच्या पायरीवर बसली आणि बाजू संपेपर्यंत उठली नाही.

गाणं फार सुंदर होतं. हेलकावा नाही, खरखर नाही. पण तुम्हाला सांगू? ते मला परक्याच्या घरचं वाटलं. बाई तेच गात होत्या आणि ते आपलं नव्हतं. आपल्या बाईंचा आवाज वर जातो, खाली येतो, मध्येच बुडतो, परत निघतो. त्यात ते ऊन आहे, आणि भिंतीच्या आडोशाला उभे असलेले तुम्ही आहात.

सलीमभाईंनी ती सपाट मला देऊ केली. मी घेतली नाही. सुई तेवढी आणली. वाकलेल्या रेकॉर्डीला चालेल अशी, जरा जाड, त्यांनी तीन तास खटपट करून शोधून दिली.

आज सकाळी मी माधुरीला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, प्लेअर खरंच बिघडला होता. तिने रेकॉर्डीच्या वाकलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई, मी बी ऐकत बसू का तुह्यासंग?" मी म्हटलं, बस ना. तिने शाळेत फोन करून सुट्टी टाकली.

तर आता माझं ठरलं आहे. बाकीच्या सगळ्या रेकॉर्डी सलीमभाईंकडे परत पाठवते. त्यांना ऐकणारं कोणी नाही, निदान ती बांगड्यावाली येऊन बसेल. वाकलेल्या सहा माधुरीकडे राहतील. ती एक माझ्याजवळ.

डॉक्टर म्हणाली ना, डावा कान कोणत्या दिवशी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला वचन देते. उद्यापासून रोज, दिवे लागायच्या वेळेला, मी हीच लावीन, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी तीच वेळ येईपर्यंत दुसरं कोणतंही गाणं ऐकणार नाही, टीव्हीवर नाही, फोनवर नाही. म्हणजे कान ज्या दिवशी जाईल, तो कोणताही दिवस असो, मी शेवटचं जे गाणं ऐकलेलं असेल ते तुम्ही माझ्यासाठी निवडलेलं असेल.

तुमची,
इंदू